कीस्टोन एक्सएल: एका सहीसाठी बारा वर्षं

प्रश्न असा आहे: ‘भारत-नेपाळ दरम्यानची मोतीहारी-अमलेखगंज पाइपलाइन पंधरा महिन्यांत बांधून झाली. कॅनडा आणि अमेरिका तर शेजारी आणि जुने मित्रदेश. तरीही त्यांच्यातली कीस्टोन एक्सएल ही तेल-पाइपलाइन बारा वर्षं रखडून शेवटी रद्द का झाली? एक राष्ट्राध्यक्ष नाकारतो, दुसरा मंजूर करतो, तिसरा पहिल्याच दिवशी रद्द करतो. या परवानगीत शेवटचा शब्द असतो तरी कुणाचा? आणि ही लाइन पुन्हा उभी राहील का?’

मी पाइपलाइनची मार्ग-आखणी आणि जमिनीच्या परवानग्या हेच काम करत आलो आहे. सुरुवातीला नाशिक जिल्ह्यात, नंतर कॅनडात, अल्बर्टामध्ये. कीस्टोन एक्सएलवर मी नव्हतो, पण या क्षेत्रातल्या प्रत्येकाने तो प्रकल्प बारकाईने पाहिला, कारण त्यानंतर आमच्या कामाची रीतच बदलली. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. अमेरिकी राष्ट्राध्यक्षाच्या हातात फक्त सीमा ओलांडणाऱ्या तुकड्याची परवानगी होती. पण ती कोणत्या निकषावर द्यायची हे कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे ज्या ज्या वादाला दुसरीकडे कुठे दाद लागत नव्हती, तो प्रत्येक वाद त्या एका सहीपाशी येऊन ठाकला. आणि सही मिळाली तेव्हाही खालची जमीन मोकळी झालेली नव्हती.

आधी ही लाइन काय होती ते पाहू. अल्बर्टातल्या हार्डिस्टी या गावी तेलाच्या प्रचंड टाक्यांचं ठाणं आहे. तिथून मॅनिटोबामार्गे खाली उतरून नेब्रास्कातल्या स्टील सिटीला पोचणारी मूळ कीस्टोन पाइपलाइन २०१० मध्ये सुरू झाली. तिला परवानगी मिळाली ती २००८ मध्ये, फारसा गाजावाजा न होता. एक्सएल हा त्याच दोन ठिकाणांमधला तिरका, जवळचा रस्ता होता: माँटाना आणि साउथ डकोटामधून, सुमारे १,९०० किलोमीटर, ३६ इंच व्यासाचा पाइप, दिवसाला ८ लाख ३० हजार बॅरल. ट्रान्सकॅनडा कंपनीने (आताची टीसी एनर्जी) त्यासाठी सप्टेंबर २००८ मध्ये अर्ज केला.

आत जाणारं तेल साधं नव्हे. अल्बर्टाच्या तेलवाळूतून निघणारं बिटुमेन थंड असताना काकवीपेक्षाही घट्ट असतं. बाटली आडवी केली तरी ते जागचं हलत नाही. पाइपमधून वाहावं म्हणून त्यात साधारण तीस टक्क्यांपर्यंत हलकं हायड्रोकार्बन मिसळतात. हे जड तेल शुद्ध करायला खास यंत्रणा लागते आणि ती टेक्सासच्या किनाऱ्यावरच्या रिफायनऱ्यांकडे मुबलक आहे, कारण त्या व्हेनेझुएला आणि मेक्सिकोच्या जड तेलासाठी उभारल्या गेल्या. तिकडून येणारा माल घटत चालला होता. इकडे अल्बर्टाला बाहेर पडायला पुरेसे रस्ते नव्हते, म्हणून तिचं तेल पडत्या भावाने विकलं जात होतं. २०१८ च्या उत्तरार्धात भावाचा मापदंड मानल्या जाणाऱ्या अमेरिकी तेलाच्या तुलनेत ही तूट बॅरलमागे ४० डॉलरच्याही वर गेली होती. प्रांताच्या तिजोरीला रोज खिंडार पडत होतं. अल्बर्टाचं राजकारण या पाइपलाइनपायी इतकं का पेटतं, ते या आकड्याशिवाय समजत नाही. म्हणजे व्यापारी गणित सरळ होतं. विकणारा उत्सुक, घेणारा उत्सुक.

आता कायदा. अमेरिकेत नैसर्गिक वायूच्या आंतरराज्यीय पाइपलाइनला केंद्रीय आयोग परवानगी देतो, मार्ग ठरवतो आणि त्या परवानगीसोबत जमीन सक्तीने घेण्याचा अधिकारही येतो. तेलाच्या पाइपलाइनसाठी असा केंद्रीय कायदा नाही. मार्ग कुठून न्यायचा हे ज्या त्या राज्याचं काम. केंद्राचा संबंध येतो तो नदी-पाणथळ ओलांडण्याच्या परवान्यांपुरता, सरकारी जमिनीपुरता आणि आंतरराष्ट्रीय सीमेपुरता. सीमेचा हा अधिकार संसदेच्या कायद्यातून नव्हे, राष्ट्राध्यक्षांच्या आदेशांतून आला: जॉन्सन यांचा १९६८ चा आदेश, मग बुश यांचा २००४ चा. त्यानुसार तेव्हा अर्ज परराष्ट्र खात्याकडे जायचा. हे खातं ऊर्जा, संरक्षण, न्याय, वाहतूक, पर्यावरण अशा आठ खात्यांची मतं मागवायचं आणि प्रकल्प ‘राष्ट्रहिताचा’ आहे की नाही ते ठरवायचं.

राष्ट्रहित कशात मोजायचं? आदेशात व्याख्या नाही, निकष नाहीत. नगरपालिकेच्या बांधकाम परवानगीत निदान एफएसआय असतो, सोडायचं अंतर असतं, नियम पाळला की परवानगी मागता येते. इथे अर्जदाराने काय सिद्ध केलं म्हणजे होकार मिळेल, हे कुणीच सांगू शकत नाही. परराष्ट्र संबंध, ऊर्जासुरक्षा, रोजगार, हवामान, यांतलं काय जड धरायचं ते खुर्चीवरच्या माणसाने ठरवायचं. अनेक वर्षं याची अडचण कुणाला भासली नाही, कारण कुणी जोर लावून विचारलंच नव्हतं. ऑगस्ट २००९ मध्ये याच ओबामा सरकारच्या परराष्ट्र खात्याने एन्ब्रिज या दुसऱ्या कॅनेडियन कंपनीच्या अल्बर्टा क्लिपर या लाइनला परवानगी दिली. तेही तेलवाळूचंच तेल, तीही ३६ इंची लाइन. देशव्यापी आंदोलन झालं नाही.

मग वर्ष-दीड वर्षात काय बदललं? माझ्या मते सगळ्या प्रकरणाची किल्ली २०१० या वर्षात आहे. एप्रिलमध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनचा स्फोट झाला आणि तेल महिनोन्महिने वाहताना लोकांनी टीव्हीवर पाहिलं. जुलैमध्ये मिशिगनमधल्या मार्शल गावाजवळ एन्ब्रिजची लाइन फुटली आणि २० हजार बॅरलहून अधिक तेल कालामाझू नदीच्या खोऱ्यात गेलं. मिसळलेला हलका भाग उडून गेला आणि जड बिटुमेन नदीच्या तळाशी बसलं. नेहमीच्या तेलगळतीत पृष्ठभागावरचा तवंग ओढून घेतात, इथे नदीचा तळ खरवडावा लागला. हे काम वर्षानुवर्षं चाललं. आणि त्याच जुलैमध्ये कार्बनवर मर्यादा घालणारं विधेयक सिनेटमध्ये मतदानालाही न येता बारगळलं.

ही तिसरी घटना राजकीयदृष्ट्या सगळ्यात मोठी. हवामानाच्या प्रश्नावर काम करणाऱ्यांना संसदेचं दार बंद झालं होतं. त्यांना असा एखादा निर्णय हवा होता जो राष्ट्राध्यक्ष एकटा घेऊ शकतो, ज्यात सिनेटची साठ मतं लागत नाहीत आणि जो दोन शब्दांत सांगता येतो. कीस्टोन एक्सएलचा अर्ज तेव्हा परराष्ट्र खात्याच्या टेबलावर पडून होता. ऑगस्ट २०११ मध्ये पर्यावरण-लेखक आणि कार्यकर्ते बिल मॅककिबेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हाइट हाउससमोर धरणं धरलं. दोन आठवड्यांत १,२५३ जणांना अटक झाली, त्यात नासाचे हवामानशास्त्रज्ञ जेम्स हॅन्सनही होते. आमच्या क्षेत्रातल्या अनेकांनी तेव्हा म्हटलं की जगाच्या उत्सर्जनात एका पाइपलाइनचा वाटा किती, उगाच एवढा गदारोळ. हिशेबापुरतं ते खरं होतं, पण राजकारण त्यांना कळलं नव्हतं. आंदोलकांनी पाइपलाइन निवडली ती तिच्या कार्बनच्या टनांसाठी नव्हे, त्या सहीसाठी.

तरीही केवळ आंदोलकांच्या बळावर हा प्रकल्प अडला नसता. खरं घोडं अडलं नेब्रास्कात, आणि तिथे अडवणारे पर्यावरणवादी नव्हते.

कंपनीने आखलेला मूळ मार्ग नेब्रास्काच्या सँडहिल्समधून जात होता. सँडहिल्स म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्या, पन्नास हजार चौरस किलोमीटरच्या आसपास. गवताचा पापुद्रा एकदा फाटला की वारा वाळू उडवत नेतो आणि तो खड्डा बुजायला पिढी जाते. खाली ओगलाला भूजलसाठा आहे, काही ठिकाणी पाणी इतकं वर की कुंपणाचा खांब रोवताना ओल लागते. नेब्रास्काची शेती आणि गुरं याच पाण्यावर. तिथले रँचर, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरं पाळणारे, मुख्यत्वे रिपब्लिकन मतदार. त्यांना हवामानाच्या भाषणांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न हा होता की परदेशी कंपनी, परदेशी तेल, आणि आमची जमीन सक्तीने का घेणार? राष्ट्राध्यक्षांची परवानगी हातात नसतानाच सक्तीच्या संपादनाचा इशारा देणारी पत्रं जमीनमालकांना गेली होती. माझ्या लेखी संपूर्ण प्रकल्पातली सगळ्यात महागडी चूक ती. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस नेब्रास्काचे रिपब्लिकन गव्हर्नर डेव्ह हाइनमन यांनीच ओबामांना पत्र लिहून या मार्गाला विरोध कळवला. आता ओबामांना थांबायला दोन्ही बाजूंचं निमित्त होतं.

जमीनमालकाशी बोलणं म्हणजे काय असतं, ते थोडं जवळून सांगतो, कारण वर्तमानपत्रांत हा भाग येत नाही. अल्बर्टात या बैठका बहुधा स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतात. आम्ही शेताचं हवाई छायाचित्र पसरतो, त्यावर प्रस्तावित मार्गाची लाल रेघ असते. शेतकरी कप बाजूला सारतो आणि रेघेवर बोट ठेवून सांगतो की इथे पाणी साचतं, इथून माझं नांगर-यंत्र वळतं, इथे आजोबांनी लावलेली झाडांची रांग आहे. पैशांचा प्रश्न बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी येतो. आधी विचारतात की वरची काळी माती वेगळी काढून ठेवणार का, आणि बुजवताना तीच वर येईल याची खात्री काय? पाइप किती खोल? पन्नास वर्षांनी तेल बंद झालं तर हे लोखंड काढणार कोण, आणि तेव्हा तुमची कंपनी नसली तर? ह्या शेवटच्या प्रश्नाला करारात ठोस उत्तर नसेल तर माणूस सही करत नाही, आणि का करावी?

नाशिककडे द्राक्षबागायतदारांनी मला हेच विचारलं होतं. आपल्याकडे १९६२ च्या पेट्रोलियम पाइपलाइन कायद्याने जमीन शेतकऱ्याचीच राहते, सरकार फक्त वापराचा हक्क घेतं आणि त्यापोटी बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला देतं, पिकाची नुकसानभरपाई वेगळी. पण त्या पट्ट्यात नंतर घर, विहीर, झाड काही करता येत नाही. ज्याची बाग त्या पट्ट्यात येते त्याच्यासाठी ‘जमीन तुमचीच आहे’ या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही. फरक एवढाच की आपल्याकडे कायदा केंद्राचा आहे आणि हरकतीची मुदत थोडी, म्हणून लाइन पुढे सरकते. नेब्रास्कात २०११ पर्यंत तेलाच्या पाइपलाइनचा मार्ग तपासणारा राज्य कायदाच नव्हता. म्हणजे हरकत घ्यायची तरी कुठे? नोव्हेंबर २०११ मध्ये विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावून तो करावा लागला आणि कंपनी सँडहिल्स टाळायला तयार झाली.

इथून वॉशिंग्टनमधला खेळ वेगळ्याच दिशेला गेला. कॅनडाचे पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी ही परवानगी देणं इतकं उघड आहे की विचारही करायला नको, अशा आशयाचं विधान सप्टेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कमध्ये केलं होतं. मित्रदेशाच्या नेत्यावर जाहीर दबाव आणला की त्याला होकार देणं आणखी कठीण होतं, हे हार्पर यांच्या सल्लागारांना कळायला हवं होतं. पाठोपाठ रिपब्लिकन पक्षाने डिसेंबरमध्ये वेतनकर सवलतीच्या विधेयकात एक कलम घुसवलं: साठ दिवसांत निर्णय द्या. नेब्रास्कातला नवा मार्ग तेव्हा कागदावरही नव्हता. जानेवारी २०१२ मध्ये ओबामांनी ‘तपासायला वेळच दिला नाही’ असं सांगून अर्ज फेटाळला. ज्यांना प्रकल्प हवा होता त्यांनीच त्याला नकाराकडे ढकललं. त्याच वर्षी मार्चमध्ये ओबामा ओक्लाहोमातल्या कशिंगला जाऊन दक्षिणेकडच्या तुकड्याला पाठिंबा देऊन आले. कशिंग ते टेक्सास किनारा हा तुकडा सीमा ओलांडत नव्हता, त्याला या सहीची गरज नव्हती, आणि तो जानेवारी २०१४ मध्ये सुरूही झाला. तीच कंपनी, तेच तेल, तोच किनारा.

मे २०१२ मध्ये नवा अर्ज आला. यानंतरचा वाद आकड्यांचा होता आणि दोन्ही बाजूंनी आकडे ओढूनताणून वापरले. परराष्ट्र खात्याच्या जानेवारी २०१४ च्या अहवालात बांधकामकाळात थेट-अप्रत्यक्ष मिळून सुमारे ४२,१०० रोजगारांना आधार मिळेल असं म्हटलं होतं. समर्थकांनी हा आकडा फलकावर लावला. त्याच अहवालात लाइन सुरू झाल्यावर लागणाऱ्या माणसांची संख्या होती ५०. विरोधकांनी तो आकडा फलकावर लावला. पाइपलाइनचं काम असंच असतं, दोन वर्षं हजारो वेल्डर आणि ऑपरेटर, मग मोजकी माणसं. डेमोक्रॅटिक पक्षाची खरी कोंडी इथे झाली, कारण बांधकाम कामगारांच्या संघटना प्रकल्पाच्या बाजूने होत्या आणि पर्यावरण संघटना विरुद्ध, आणि दोघेही त्यांचेच.

हवामानाच्या बाबतीत ओबामांनी जून २०१३ मध्ये जॉर्जटाउनच्या भाषणात स्वतःच एक कसोटी घालून दिली: कार्बन प्रदूषणात लक्षणीय भर पडणार नसेल तरच हा प्रकल्प राष्ट्रहिताचा. आदेशात नसलेला निकष एका भाषणाने तयार झाला. मग सगळी लढाई यावर आली की ही लाइन नसेल तर तेल जमिनीतच राहील, की रेल्वेने जाईल? अहवालाचं उत्तर होतं की एकट्या लाइनने तेलवाळूच्या उत्पादनाच्या वेगात फारसा फरक पडणार नाही, कारण रेल्वे आहे. पण त्यातच एक अट होती: तेलाचा भाव बॅरलमागे ६५ ते ७५ डॉलरच्या पट्ट्यात आला तर रेल्वेचा जास्तीचा खर्च परवडणार नाही आणि लाइनचं असणं-नसणं फरक पाडेल. वर्षभरात भाव त्याच्याही खाली गेला. फेब्रुवारी २०१५ मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने पत्र लिहून नेमकं त्यावर बोट ठेवलं. हा अहवाल ज्यांनी पूर्ण वाचला नाही त्यांना नंतरचा नकार मनमानी वाटला. मला तो तसा वाटत नाही. तो तर्काला धरून होता, जरी वेळ राजकीय होती तरी.

नेब्रास्काचे न्यायालयीन फेरे या काळात चालूच होते. मार्ग मंजूर करण्याचा अधिकार थेट गव्हर्नरना देणारा २०१२ चा राज्य कायदा जमीनमालकांनी आव्हानला. जानेवारी २०१५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातल्या सातपैकी चार न्यायमूर्तींना तो घटनाबाह्य वाटला, पण नेब्रास्कात कायदा रद्द करायला पाच लागतात, म्हणून बहुमत विरुद्ध असूनही कायदा टिकला. त्याआधी नोव्हेंबर २०१४ मध्ये सिनेटमध्ये मंजुरीचं विधेयक एका मताने हुकलं होतं: ५९ विरुद्ध ४१, आणि लागत होती साठ. नव्या संसदेने ते मंजूर केलं, ओबामांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये नकाराधिकार वापरला, आणि ६ नोव्हेंबर २०१५ ला, पॅरिस हवामान परिषदेच्या तोंडावर, अर्जही नाकारला. तोवर सात वर्षं झाली होती.

आता ट्रम्प. त्यांनी मार्च २०१७ मध्ये परवानगी दिली. पुढची चार वर्षं संपूर्ण पाठिंबा देणारं सरकार असूनही लाइन का उभी राहिली नाही, हा प्रश्न मला ओबामांच्या नकारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. नोव्हेंबर २०१७ मध्ये नेब्रास्काच्या लोकसेवा आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी मंजुरी दिली, पण कंपनीने मागितलेल्या मार्गाला नव्हे, पर्यायी मार्गाला. म्हणजे नवे जमीनमालक, नव्या मोजण्या, नवे करार. त्याच्या चारच दिवस आधी साउथ डकोटात मूळ कीस्टोन लाइनमधून मोठी गळती झालेली होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये माँटानातले संघीय न्यायाधीश ब्रायन मॉरिस यांनी काम थांबवलं, कारण सरकारने आधीच्या निष्कर्षावरून घूमजाव केलं पण हवामानाबाबतचं कारण नीट दिलं नाही. यावर उपाय म्हणून ट्रम्प यांनी मार्च २०१९ मध्ये परराष्ट्र खात्याला वगळून स्वतःच्या सहीने नवी परवानगी काढली. राष्ट्राध्यक्ष स्वतः निर्णय घेतात तेव्हा पर्यावरण परीक्षणाचा कायदा त्यांना लागू होत नाही, असा युक्तिवाद होता. वकिलांच्या दृष्टीने ही चाल हुशारीची होती. पण सही जितकी वैयक्तिक, तितकीच ती पुढच्या माणसाला सहज पुसता येते. शिवाय नद्या ओलांडायच्या परवान्यांचा प्रश्न सुटला नाहीच. २०२० मध्ये तोही मॉरिस यांच्याच न्यायालयात अडला आणि जुलैमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कीस्टोन एक्सएलपुरता दिलासा नाकारला. मूळनिवासी समूहांचे, रोजबड सू आणि फोर्ट बेलनॅप यांचे दावे वेगळे.

२०२० मध्ये कंपनीने माँटानाच्या फिलिप्स काउंटीत सीमा ओलांडणारा तुकडा बांधून घेतला. लांबी १.२ मैल, म्हणजे दोन किलोमीटरही नाही. बारा वर्षं ज्या परवानगीवरून देश भांडला ती कायद्याने नेमक्या याच तुकड्याची होती: सीमारेषेपासून पहिल्या बंद-झडपेपर्यंत. अल्बर्टा सरकारने त्या वर्षी प्रकल्पात दीड अब्ज कॅनेडियन डॉलर घातले, वर कर्जहमी. बायडेन निवडून आले तर ते परवानगी रद्द करतील हे त्यांनी निवडणुकीआधीच जाहीर केलं होतं. २० जानेवारी २०२१ ला, शपथविधीच्याच दिवशी त्यांनी ती रद्द केली. जूनमध्ये कंपनीने प्रकल्प सोडला. अल्बर्टाच्या करदात्यांचे सुमारे १.३ अब्ज डॉलर बुडाले. प्रांताच्या सरकारने अमेरिकी निवडणुकीच्या वर्षात सार्वजनिक पैसा एका सहीवर लावला, याचा मला आजही राग आहे. तो पैसा शाळा-दवाखान्यांचा होता आणि जोखीम सगळ्यांना दिसत होती.

कंपनीने नाफ्टा या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार कराराखाली १५ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई मागितली. जुलै २०२४ मध्ये लवादाने दावा ऐकण्याचा अधिकारच आपल्याला नाही असं म्हणून तो फेटाळला: परवानगी रद्द झाली २०२१ मध्ये, नाफ्टा संपला जुलै २०२० मध्ये. म्हणजे सीमापार गुंतवणुकीला जे शेवटचं संरक्षण समजलं जात होतं, तेही लागू पडलं नाही.

याच वेळी जुन्या परवानग्या असलेल्यांचं काय चाललं होतं तेही पाहा. एन्ब्रिजने आपली जुनी लाइन ३ ‘बदलण्याचं’ काम काढलं आणि क्षमता जवळपास दुप्पट, दिवसाला ७ लाख ६० हजार बॅरल केली. मिनेसोटात आंदोलनं झाली, अटका झाल्या, पण बायडेन सरकारने ती अडवली नाही आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये ती सुरू झाली. कीस्टोन एक्सएल मेली त्याच वर्षी. कॅनडातून अमेरिकेत जाणारं कच्चं तेल आज दिवसाला ४० लाख बॅरलच्या आसपास आहे. म्हणजे तेल थांबलं नाही. थांबला तो नवी सीमापार लाइन मागणारा अर्जदार. सीमा आधीच ओलांडलेल्या कंपन्यांचं मोल मात्र वाढलं.

आणि चालू असलेली लाइन बंद करायला निघालं की कायदा उलटा फिरतो. मिशिगनच्या गव्हर्नर ग्रेचन व्हिटमर यांनी नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकिनॉ सामुद्रधुनीच्या तळावरून जाणाऱ्या १९५३ च्या लाइन ५ ची जागा वापरण्याची संमती मागे घेतली. तेव्हा कॅनडाने १९७७ चा पारगमन पाइपलाइन करार पुढे केला. या करारानुसार चालू पाइपलाइनच्या प्रवाहात कोणत्याही सार्वजनिक अधिकाऱ्याने अडथळा आणायचा नाही. एक्सएलच्या वेळी हा करार उपयोगी नव्हता, कारण वाहतं तेलच नव्हतं.

मोतीहारी-अमलेखगंजशी तुलना करताना हे लक्षात घ्या. ती लाइन ६९ किलोमीटरची, तयार इंधन नेणारी. दोन्ही टोकांना सरकारी कंपन्या, इकडे इंडियन ऑइल, तिकडे नेपाळ ऑइल कॉर्पोरेशन. खर्च मुख्यतः भारताचा. राजकारण तिथेही होतं, फक्त ते बांधकामाच्या आधी झालं. कल्पना १९९० च्या दशकातली, करार ऑगस्ट २०१५ चा, आणि पुढच्याच महिन्यात सीमेवरच्या नाकेबंदीत नेपाळमधलं इंधन आटलं. ज्या शेजाऱ्याकडून टँकर अडतात त्याच्याकडून पाइप घ्यायचा का, हा प्रश्न काठमांडूत साहजिकच विचारला गेला. काम सुरू व्हायला एप्रिल २०१८ उजाडलं. सिलिगुडी-पार्वतीपूर या बांगलादेशच्या लाइनमध्येही तेच: तिकडच्या भागाचा खर्च भारताने अनुदान म्हणून दिला, मार्च २०२३ मध्ये उद्घाटन झालं. पंधरा महिने हा वेल्डिंगचा आणि खोदाईचा हिशेब आहे. वाटाघाटींची वीसेक वर्षं त्यात धरलेली नाहीत.

राहिला शेवटचा प्रश्न, एक्सएल पुन्हा येईल का. ट्रम्प यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये ती बांधा असं जाहीर आवाहन केलं. पण मूळ कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्येच आपला तेल-पाइपलाइनचा व्यवसाय साउथ बो या वेगळ्या कंपनीकडे दिला आहे, आणि तिने आपण त्या प्रकल्पापासून पुढे गेलो असल्याचं सांगितलं. राष्ट्राध्यक्षांची सही एका दिवसात मिळू शकते. नवा अर्जदार खरंच उभा राहिला तर मी वॉशिंग्टनच्या बातम्यांआधी दोन गोष्टी पाहीन: नेब्रास्का आणि माँटानातल्या काउंट्यांमध्ये किती जमीनमालकांनी स्वखुशीने करार नोंदवले आहेत, आणि पुढच्या निवडणुकीत सरकार बदललं तर तोटा कुणाच्या खिशातून जाणार हे करारात लिहिलं आहे का.